कड्यावरची लाट

१

दरवर्षी मे महिन्यात मी कंपनीत सुट्टी मागतो, आणि कारण खरं सांगतो. "मेव्हण्याचा दोर धरायला जायचंय." पहिल्या वर्षी साहेब पोट धरून हसले. आता नुसती मान हलवतात आणि येताना मध आणायला बजावतात.

मी धर्मेश, चिंचणीचा. वडिलांची होडी आता भाऊ चालवतो. मी तारापूरला कंपनीत लागलो आणि मासळीच्या वासातून सुटलो, अशी माझी समजूत होती. मग डहाणूला नर्सिंग शिकायला आलेल्या हर्षदाशी लग्न केलं, आणि तेव्हापासून तलासरीच्या पूर्वेला, डोंगरात, सासरी जाताना गाडीला सुक्या बोंबलांची पिशवी असतेच. सासूबाई, पुतळीआई, जावयाच्या आधी त्या पिशवीकडे बघतात.

हर्षदाचा मोठा भाऊ देवजी कड्यावरून दोराने उतरून आग्या मोहोळाचा मध काढतो. त्यांच्या घरात हा दोर धरायचा बहिणीच्या नवऱ्याने. सख्ख्या भावाने नाही, दोस्ताने नाही. असं का, म्हणून विचारलं तर देवजी म्हणाला, "भावाच्या डोळ्यापुढं जमिनीचा वाटा येईल. भावजी कसा सोडंल? घरी बायको उभी हाय ना!"

दोर धरणाऱ्याने कड्याकडे पाठ करून बसायचं आणि मागे वळायचं नाही. वळलेला माणूस वाकतो, आणि वाकलेल्याची मूठ सैल पडते. कोणी तोंडाने बोलायचं नाही, बोलायचं ते दोराने. एक झटका आला की सोडत जायचं, तीन आले की ओढायचं. उतरलेला माणूस वर आला की तो मागून तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. हात पडला की मूठ उघडायची, त्याआधी नाही. एवढंच. इतक्या वर्षांत माझी मूठ त्या हाताला इतकी सरावली होती, की बाजारात कोणी मागून खांद्यावर थाप मारली तरी हातातली पिशवी खाली पडायची.

या वर्षी हर्षदा माहेरी होती, नववा महिना, पहिलंच. बाळंतिणीला लागणारा मध मामाने काढून आणायचा, अशी त्यांची रीत. मी पोचलो त्या दुपारी तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "दादाला नीट वर आण हां." मी म्हटलं, "खाली ठेवून आलो तर तू मला घरात घेशील का?" एरवी ती हसली असती.

२

पोळ्यांचा कडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझी वाचा बसली होती. माझ्या घरच्यांना विचारा, हे सहसा घडत नाही.

पश्चिमेकडे तोंड करून उभी असलेली काळ्या दगडाची भिंत. खालच्या कोरड्या ओढ्यापासून वरच्या गवतापर्यंत एका नजरेत मावत नाही. तिच्या फटींतून उंबर वाढलेले, मुळं दगडावर उघडी पसरलेली. वर पाकोळ्यांचे थवे गिरक्या घेत असतात. वेडे राघू उंबराच्या फांदीवरून सुटतात, हवेत एक माशी टिपतात आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतात. आणि भिंतीला पोळी लटकलेली, एकेक सुपापेक्षा मोठं. लांबून ते दगडावरचे डाग वाटतात. जवळ गेलं की कळतं, डाग हलतायत.

आग्या मोहोळाच्या माश्या पोळ्यावर थरावर थर बसतात. गांधीलमाशी जवळून गेली की एका जागच्या माश्या एकदम पोट वर उचलतात, मग त्यांच्या शेजारच्या, मग त्यांच्याही शेजारच्या, आणि पोळ्यावरून एक चमकती लाट फिरून जाते. शत्रूला बिचकवायला करतात म्हणे. मी समुद्राकाठी जन्मलो, लाटा मला कोणी दाखवायला नकोत. पण दगडावर लाट उठताना पाहिली, आणि आपण किती थोडं जग पाहिलंय याची मला लाज वाटली. आनंदही झाला.

यंदा पोचलो त्याच दुपारी मी आणि देवजी ओढ्यापलीकडच्या सपाट खडकावर बसलो होतो. कुठलं पोळं भरलंय, कुठून उतरायचं, हे आदल्या दिवशी इथूनच ठरतं. उन्हं कलली होती, कडा तांबूस झाला होता.

डावीकडच्या शेवटच्या पोळ्यावर लाट उठली आणि विझली. मग त्याच्या शेजारच्या पोळ्यावर उठली. मग त्याच्याही पुढच्या. मी कौतुकाने बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं, लाट ओळीने येतेय. दोन पोळ्यांमध्ये मोकळा दगड थोडा असला तर ती लगेच उठायची, जास्त असला तर उशिराने. त्या भिंतीवरून कोणी सावकाश चालत गेलं असतं, तर जेवढा वेळ लागला असता तेवढाच.

तिथे पाय ठेवायला बोटभर जागा नाही.

मी पाकोळ्यांकडे पाहिलं. थवा गिरकी घेत भिंतीजवळून यायचा, एका जागी दोन्ही बाजूंना फाकायचा आणि पुढे जाऊन पुन्हा मिळायचा. ती जागा लाटेबरोबर पुढे सरकत होती. वेडे राघू फांदीवर अंग चोरून बसले होते. कड्याच्या मधोमध सगळ्यांत मोठं पोळं होतं, तिथे लाट पोचली आणि पुढे गेलीच नाही. त्या एका पोळ्यावर वर्तुळं फिरत राहिली, कितीतरी वेळ.

"वारा," मी म्हटलं.

"वारा असा थांबत थांबत जातो काय, भावजी?"

"मग गांधीलमाशी."

"एवढ्या पाकोळ्या फाकतील एवढी मोठी गांधीलमाशी असंल तर मी उद्या येतच नाय." देवजी हसला, पण बिडी उलटी पेटवली.

"आधी पाहिलंयस हे?"

"मी नाय. बापानं पाहिलेलं."

"काय म्हणायचे ते?"

"काय नाय. दिसली तर गप बसायचं, म्हनायचा."

३

घरी पुतळीआई चुलीपुढे नागलीच्या भाकऱ्या थापत होत्या. देवजीने हात धुता धुता त्यांना सांगितलं, कड्यावर लाट चालत आली म्हणून. पावसाचं पाणी कुठवर चढलं असं विचारावं, तशा सुरात त्यांनी विचारलं, "पार गेली काय?"

"नाय. मधी थांबली."

 पुतळीआईंच्या तव्यावरची भाकरी करपली. त्यांची भाकरी करपलेली मी तोवर पाहिली नव्हती.

मी म्हटलं, मध काय डहाणूच्या बाजारात मिळत नाही? उद्या गाडीवर जाऊन घेऊन येतो. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी बाजारातून मामाच विकत आणू म्हणालो होतो.

"भाच्याचं काम हाय," देवजी म्हणाला. "आता कधीबी आभाळ धरंल. एक पाऊस पडला की मध पातळ होतो."

मी अंगणात येऊन बसलो आणि डोकं चालवलं. तापलेल्या दगडाजवळची हवा वर चढते. कडा सगळीकडे एकदम तापत नाही, ऊन सरकतं तसा तापतो. म्हणजे तापलेली हवाही सरकत जाणार, आणि माश्या तिला बिचकणार. पाकोळ्यांनाही तीच हवा टोचत असेल. स्पष्टीकरण चांगलं होतं, माझं मलाच आवडलं. एकच अडचण होती. ऊन पुढच्या पोळ्यांवरही गेलं होतं. लाट गेली नव्हती.

हर्षदा शेजारी येऊन बसली. तिने माझा हात उचलून तळव्यावरून बोट फिरवलं. लहानपणी होडीवर गळाच्या दोरीने पडलेले वळ तिथे अजून आहेत. "तुझ्या हातात आहे सगळं," ती म्हणाली. मला खूप भीती वाटली. ती कड्याची नव्हती, या बाईच्या तोंडाकडे पाहायची वेळ येईल याची होती.

४

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही वर गेलो. कड्याच्या माथ्यावर वाळलेलं गवत आहे आणि काठापासून थोडं आत ऐनाचं जुनं झाड. देवजीने दोराचं एक टोक ऐनाच्या बुंध्याला बांधलं. झाडाकडे तोंड करून, पाय दगडाला टेकवून मी बसलो. मधला दोर कमरेभोवती वळसा घेऊन माझ्या मुठीत, तिथून पाठीमागे कड्यावरून खाली. झाडाचा आधार असला तरी मी ओढून घेतलेला दोर माझ्याच हातात असतो. तो सुटला तर माणूस तेवढा खाली जातो, आणि मध्ये दगडाचे सुळके आहेत.

देवजीने ओल्या पानांची धुराची जुडी पेटवली, डबा पाठीला बांधला. माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. त्यानंतर बोलायचं नव्हतं.

एक झटका. मी सोडत गेलो.

एरवी देवजी स्वतःच पायांनी उतरतो, पायांनीच चढतो. मला फक्त त्याच्या अंगाला दोर ताठ ठेवावा लागतो. पण त्या ताठ दोरातून बोटांना सगळं कळतं. आमचे वडील दोरी बोटावर घेऊन सांगायचे, गळाला घोळ मासा लागलाय की वाम. मलाही थोडंफार जमतं. देवजी कुठे पाय रोवतो, कुठे श्वास घ्यायला थांबतो, सगळं माझ्या तळव्यात येत होतं.

धुराचा वास वर आला. त्यामागून माश्यांचा आवाज चढला, सगळ्या कड्याचा एकच घुमारा, बसल्या जागी दगडातून मांड्यांत जाणवणारा. दोर स्थिर झाला. म्हणजे तो मोठ्या पोळ्याशी पोचला होता आणि काम सुरू होतं. समोर गवतावर माझी सावली पडली होती, ऐनाच्या मुळांपर्यंत लांब. सूर्य पाठीशी होता. मला वाटलं, झालं, आज सगळं नीट चाललंय.

५

आणि घुमारा थांबला.

कमी होत गेला नाही, थांबला. गिरणीचा पट्टा सुटावा तसा. एवढ्या माश्या एका क्षणात गप्प बसू शकतात यावर माझा विश्वास बसेना. मी कान देऊन ऐकत राहिलो. पाकोळ्यांचा आवाज नाही, राघूंचा नाही.

मग डावीकडून, लांबून, "स्सस्" असा आवाज आला. हजारो पंख एकदम हलल्याचा. थांबला. पुन्हा आला, जरा जवळून. पुन्हा थांबला.

लाटेला आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. खडकावरून तो ऐकू आला नव्हता. आता ती माझ्या पाठीमागून, माझ्या खालून, एकेक पोळं करत चालत येत होती आणि मला वळायचं नव्हतं. तापलेली हवा, मी मनात म्हटलं. तापलेली हवा. मधल्या मोकळ्या दगडाशी आवाज थांबायचा तेव्हा मीही श्वास धरायचो. किती भव्य होतं ते, काय सांगू! देवळात घंटा सुरू झाली की हात आपोआप जोडले जातात, तसं माझं मन जोडलं गेलं होतं. फक्त हात मोकळे नव्हते.

आवाज माझ्या खाली आला आणि तिथे थांबला.

दोराला तीन झटके बसले. घाईचे, तोकडे. देवजीचेच. मी ओढायला लागलो आणि पहिल्याच ओढीला कळलं, तो चढत नाहीये. पाय दगडाला लागत नाहीयेत. सगळं अंग दोरावर आहे आणि सावकाश गोल फिरतंय.

देवजी माझ्यापेक्षा जड आहे. मी दोर हातभर घेतला, मग आणखी थोडा. खांदे जळायला लागले. दात दातांवर दाबले. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. मारून उपयोग काय होता?

तेवढ्यात पाठीमागे गवत वाजलं. कोणीतरी कड्यावरून वर आलं. एक पाऊल, दुसरं पाऊल. आणि माझ्या उजव्या खांद्यावर हात पडला.

६

माझी मूठ उघडायला लागली.

मी ठरवलं नव्हतं. हात पडला की मूठ उघडायची, हे आता मला माझ्या बोटांना सांगावं लागत नाही. करंगळी सुटली, तिच्या शेजारचं बोट सुटलं. दोर इंचभर सरकला, तळवा सोलवटला, आणि त्या इंचात खालचं वजन हललं. धडपडलं. घाबरलेल्या माणसासारखं.

मी मूठ घट्ट केली.

आता माझं डोकं वाद घालू लागलं. देवजी वर आलाय, ते म्हणालं. तोच उभा आहे तुझ्या मागे. दोर सोडून डबा खाली लटकत ठेवलाय त्याने, डब्याचं वजन आहे ते. सोड आता, रीत आहे ना? किती पटण्यासारखं होतं सगळं! पण डबा श्वास घेत नाही. माझ्या तळव्यात श्वास येत होता, तुटक, पण येत होता.

मग खांद्यावर कोण होतं?

मी वळलो नाही. समोर पाहिलं. समोर गवतावर माझी सावली होती, बसलेली, वाकलेली. आणि तिच्या मागून दुसरी सावली निघाली होती. ती ऐनाच्या मुळांवरून गेली होती, बुंध्यावरून वर चढली होती आणि शेंड्याच्याही पलीकडे, डोंगराच्या उतारावर लांबवर पसरली होती. तिला खांदे होते की नाही सांगता येत नाही. किनार स्थिर नव्हती तिची. त्या सावलीच्या आतून, खालून वर, एक लाट गेली. मग दुसरी. प्रत्येक लाटेसरशी सावलीत असंख्य बारीक उजेडाचे ठिपके उघडायचे आणि मिटायचे, आणि उतारावरचं गवत सोन्यासारखं चमकायचं. मधाचा वास आला, फुलांचा आला, ओल्या दगडाचा आला.

मी घाबरलो होतो. पण मला रडू आलं ते भीतीने नाही. इतकं मोठं काही आपल्याला शिवू शकतं, आणि आपण तरीही असतो, याने आलं.

माझा खांदा थरथरत होता. मी मनात एकच म्हणत होतो, तू कोणीही अस. माझ्या बायकोचा भाऊ आहे खाली. मी सोडणार नाही.

मी पुन्हा ओढलं. दोर आला. आणखी ओढलं, सहज आला. देवजीचे पाय दगडाला लागले असतील, असं वाटलं. हात माझ्या खांद्यावर तसाच होता, आणि दोर येत राहिला, येत राहिला, माझ्या पायाशी त्याची वेटोळी पडत गेली.

मागे दगड घरंगळले. माणूस धापा टाकत गवतावर आला. धूर, बिडी, घाम. एक सुजलेला, चिकट हात माझ्या डाव्या खांद्यावर पडला.

उजव्या खांद्यावरचा अजून उचलला गेला नव्हता.

दोन्ही हातांखाली मी बसून होतो. मग दोरातला जीव गेला, नुसती दोरी उरली, तेव्हा मी मूठ उघडली. उजवा खांदा हलका झाला. समोरच्या उतारावरून सावली सरकत गेली आणि गवत आपल्या रंगाचं झालं. पाठीमागे खाली कडा पुन्हा घुमायला लागला.

देवजी माझ्या पाठीला पाठ लावून खाली बसला. 

७

आम्ही ओढ्यापर्यंत उतरलो. देवजीचा एक डोळा पूर्ण मिटला होता, मान सुजून कानाला लागली होती. पाठीवरच्या डब्यात मध होता. ओढ्यातल्या डबक्याशी तो टेकला, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "भावजी, मी चढलोच नाय."

"म्हणजे?"

"माश्या उलटल्या. आधी गप झाल्या, मग उलटल्या. तीन झटके दिले, मग डोळ्यापुढं काळोख. हात पाय काय चालंना. लटकून होतो नुसता. काठावर आलो तेव्हा डोळा उघडला." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही एकट्यानं ओढलंत?"

एरवी मी हो म्हणालो असतो, आणि चिंचणीत वर्षभर सांगत फिरलो असतो. "मला वाटलं तू चढतोयस," मी म्हटलं. मग विचारल्याशिवाय राहवेना. "काठावर आलास तेव्हा तुझं तोंड माझ्याकडे होतं. पाहिलंस?"

देवजीने होय म्हणून मान हलवली. हा माणूस साध्या बैलाच्या किमतीवर तासभर बोलू शकतो. तो आता कड्याकडे बघत शब्द शोधत होता.

"लय मोठं होतं," शेवटी तो म्हणाला.

"मला वाटलं, मी दोर सोडावा म्हणून त्याने हात ठेवला."

"नाय, भावजी." देवजीचा उघडा डोळा भरून आला होता. "हात कापत होता त्याचा. ओझं पेलताना आपला कापतो ना, तसा."

मी माझ्या उजव्या खांद्याला हात लावला. गावातून हर्षदाची हाक आली, दादा, म्हणून. देवजीने मोठ्याने ओ दिली.